वाटायचे राहिलेले फोटो

आईला या वर्षी कैऱ्यांच्या आधी फोटो आठवले.

एरवी एप्रिल लागला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मार्केट यार्डात कैरी कशी आहे ते बघून ये." कोथरूडात आमच्या सोसायटीच्या खाली हातगाडीवर कैरी मिळते, पण तिच्या मते ती कैरी नसते, नुसता हिरवा रंग असतो. यंदा मात्र फाटकाशी बहावा पिवळाधमक होऊन लोंबायला लागला, पोरांच्या परीक्षा संपल्या, दुपारी कुल्फीवाल्याची घंटा ऐकू यायला लागली, तरी कैरीचं नाव नाही. अशाच एका सकाळी ती बाल्कनीत पेपर वाचत बसली होती. छोट्या जाहिरातींच्या पानाशी थांबली. चष्मा काढला, पदराला पुसला, परत वाचलं.

"सबनीस गेले," ती म्हणाली.

सबनीसकाका म्हणजे आमच्या जुन्या सरकारी वसाहतीत खालच्या मजल्यावर राहणारे. आम्ही कोथरूडला आलो त्यालाही आता पंधरा वर्षं होऊन गेली, तेव्हापासून त्यांची आमची गाठ नव्हती. मी "अरेरे" म्हणत रिकामा कप उचलायला वाकले, तेव्हा आईनं माझा हात धरला.

"सुजाता, कपाटातलं पाकीट काढ."

कुठलं पाकीट, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात कपाटातलं पाकीट एकच. मी हलले नाही, तशी ती म्हणाली, "मिलूची वाट बघत बसले तर फोटो घेणारे उरायचे नाहीत."

मिलू म्हणजे माझा मिलिंददादा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. फौजेत होता. बावीस वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, उत्तरेकडच्या एका उंच चौकीजवळ गस्तीवर असताना गोळीबारात तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. हे सगळं मी एका दमात सांगून टाकते, कारण मला जे सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे. त्या वर्षीचा उन्हाळा. त्याची शेवटची सुट्टी. भीमजयंतीच्या आदल्या दिवशी तो आला आणि बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी गेला. ती सुट्टी शेवटची आहे हे त्याला माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं, म्हणूनच ती इतकी चांगली गेली असं आता वाटतं. माहीत असतं तर आम्ही सगळे नुसते त्याच्याकडे बघत बसलो असतो. झालं उलटंच. तोच आमच्याकडे बघत होता, कॅमेऱ्यातून.

कॅमेरा त्यानं फौजेच्या कॅन्टीनमधून घेतला होता. रोल घालायचा, काळा, लहानसा. छत्तीस फोटोंचा एकच रोल आणला होता आणि तो त्यानं सगळ्या सुट्टीला पुरवला. दिवसाला एक फोटो, कधी तोही नाही. माझ्या मुलीला, तिचं नाव मित्रा, हे सांगून पटत नाही. ती एका कॉफीच्या कपाचे छत्तीस फोटो काढते आणि त्यातले पस्तीस पुसून टाकते. दादाचं तसं नव्हतं. तो दिवसभर कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडायचा आणि माणूस निवडायचा. आधी कॅमेरा डोळ्याला लावायचा, मग काहीतरी बोलायचा, आणि समोरच्याला हसू फुटलं की बटण दाबायचा. "हसा" असं तो कुणाला म्हणाला नाही. हसायला काय लागतं ते त्याला माहीत होतं.

त्या उन्हाळ्याचा वास मला अजून येतो. दाढीचा साबण, मोहरी फेसल्याची झणझण, ओल्या वाळ्याचा पडदा. दादा पहाटे पाचला उठायचा. सुट्टीतही. पांघरुणाची अशी घडी घालायचा की तिच्या कडांनी बोट कापेल असं वाटावं. मग सगळ्यांचा चहा करायचा, आणि मग मला उठवायचा. माझी कॉलेजची परीक्षा नुकतीच संपली होती, मला दहापर्यंत झोपायचं होतं. तो उशाशी उभा राहून गंभीर आवाजात म्हणायचा, "सुजाता कांबळे, शत्रू स्वयंपाकघरापर्यंत आलाय आणि सगळी बिस्किटं खातोय." मी डोळे उघडून बघायची तर त्याच्या हातात खरंच शेवटचं बिस्कीट असायचं.

जयंतीच्या मिरवणुकीत तो ढोलापुढे असा नाचला की दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवेना. बाबा म्हणाले, "डोंगर चढतोस म्हणे तिकडे." तो म्हणाला, "तिकडे ढोल नसतो, बाबा." बाबा पोस्टात होते, मोजकं बोलायचे. पण त्या महिन्यात त्यांनाही बोलायची सवय लागली. संध्याकाळी दोघं गच्चीवर पाणी मारून सतरंजी टाकायचे आणि पत्ते खेळायचे. दादा हरायचा. मुद्दाम हरतो हे बाबांना कळायचं, आणि आपल्याला कळलंय हे ते कळू द्यायचे नाहीत.

आणि सबनीसकाका. आमच्या दोरीवरच्या कपड्यांचं पाणी खाली सबनीसकाकूंच्या पापडांवर ठिबकायचं. काका भांडणारे नव्हते, लिहिणारे होते. एक दिवस जिन्यात त्यांच्या सुबक अक्षरात कागद लागला: "वरच्या मजल्यावरील पाऊस बंद करावा." बाबा संकोचले. आईनं दोरी हलवायचं ठरवलं. दादानं मात्र कागदाखाली दुसरा कागद लावला: "आपली तक्रार हवामान खात्याकडे पाठवण्यात आली आहे." आम्ही दार किंचित उघडं ठेवून वाट बघत बसलो. काका ऑफिसातून आले, थांबले, वाचलं, परत वाचलं. आणि हसले. मोठ्यानं, पोट धरून, जिन्यात एकटेच. दादा आधीच चार पायऱ्या खाली उभा होता. बटण दाबल्याचा आवाज आला तसे काका गोरेमोरे झाले. म्हणाले, "याची प्रत मला मिळायला हवी." दादा म्हणाला, "मिळणार. स्वतः आणून देईन."

असं त्यानं सगळ्यांना कबूल केलं होतं. आणि विसरू नये म्हणून माझ्या एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली होती. तीही पाकिटातच आहे. वर "फोटो देणे" असं लिहून खाली रेघ, आणि मग नावं. पण नावं त्याला फारशी माहीत नसायचीच. "मार्केट यार्ड, मिशीवाले मामा." "शिंपीचाचा." "खालचे काका (पाऊसवाले)." "दवाखान्यातल्या बाई, इंजेक्शन दुखलं नाही असं सांगणे." आणि सगळ्यांत खाली, "मी (बिनडोक)."

या शेवटच्या ओळीला मी जबाबदार आहे. अख्ख्या रोलमध्ये त्याचा स्वतःचा फोटो एकच, आणि तो मी काढलेला. बाजारातून आणलेल्या कैऱ्यांची पाटी दोन्ही हातांत धरून तो दारात उभा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा हातात धरला होता. पाटी पूर्ण आली, कैऱ्या एकूण एक आल्या, चपलासुद्धा आल्या. मानेपासून वर काही आलं नाही.

सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी त्यानं तो रोल बुधवार पेठेत एका स्टुडिओत धुवायला टाकला. फोटो तयार व्हायच्या आत तो परत गेला. बाबांनी ते आणले आणि मी पत्र लिहून त्याला कळवलं, बिनडोक फोटोसकट. त्याचं उत्तर आलं. यादीतली ती शेवटची ओळ वाढव, असं त्यानं त्यातच सांगितलं होतं, म्हणून ती तेवढी माझ्या अक्षरात आहे. पुढे लिहिलं होतं: "बाकी फोटो कुणाला देऊ नका. मी कबूल केलंय, मी आल्यावर मीच वाटणार. नाहीतर लोक काय म्हणाले ते मला कळायचं नाही."

आईनं ते शब्दशः पाळलं. सुरुवातीला तो येणार होता म्हणून. आणि नंतर, तो येणार नाही हे आपण होऊन दारोदार जाऊन सांगावं लागलं असतं म्हणून. बाबा एकदा म्हणाले होते, देऊन टाकू या. आई म्हणाली, "तो नको म्हणालाय." बाबांनी परत विषय काढला नाही. तीन वर्षांपूर्वी बाबाही गेले. पाकीट तसंच राहिलं.

हॉलमध्ये भिंतीवर दादाचा गणवेशातला फोटो आहे. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला शाळांची, मंडळांची माणसं येतात, तोच नेतात, त्याला हार घालतात, आदरानं परत आणून देतात. त्या फोटोबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यात तो कॅमेऱ्याला घाबरलेला आहे. डोळे वटारून, ओठ मिटून, श्वास धरून. आई त्याला सरकारी फोटो म्हणते. त्याची काळी ट्रंक घरी आली, त्यात आईनं विणलेला स्वेटर होता, नाव कोरलेला स्टीलचा मग होता, लोणच्याची रिकामी बरणी होती, कुणीतरी स्वच्छ घासून, कोरडी करून, झाकण घट्ट लावून ठेवलेली. आईनं एकेक वस्तू हातात घेतली आणि ठेवली. ती रडली नाही, बोलली नाही. असे कित्येक महिने गेले. मग एक दिवस ती पाकीट उघडून बसलेली मला दिसली. हातात तो बिनडोक फोटो होता. मी घाबरून जवळ गेले, तर तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. "गाढवा," ती फोटोला म्हणत होती, "चपला तरी जोडीच्या घालायच्या." मी बघितलं. खरंच, एका पायात त्याची होती आणि एका पायात बाबांची.

तर अशा त्या पाकिटातले, छत्तीसांतले नीट आलेले एकोणतीस फोटो घेऊन या एप्रिलात आम्ही निघालो. मी स्कूटर चालवायची आणि आई मागे, मांडीवर कापडी पिशवी धरून. मागच्या वर्षी तिचे गुडघे बदलले, तेव्हापासून ती जिन्यांना घाबरत नाही. हेल्मेटला मात्र अजून तिचा विरोध आहे. "त्यात मला माझंच बोलणं ऐकू येतं," ती म्हणते. मी घालायला लावलंच.

पहिले सबनीस. काकू आता मुलाकडे असतात, वारज्याच्या बाजूला. सुकलेल्या, लहानशा झालेल्या. आम्ही बसलो, आईनं त्यांचा हात हातात घेतला, आणि जे बोलायचं ते बोलून झाल्यावर पिशवीतून फोटो काढला. काकूंनी तो खिडकीच्या उजेडात नेला.

"हे हसले होते?" त्या म्हणाल्या. "कधी?"

आईनं पावसाची गोष्ट सांगितली. काकूंना कागद आठवत होता, उत्तर माहीत नव्हतं. काकांनी ते घरात सांगितलंच नव्हतं.

"मला न सांगता हसले," काकू म्हणाल्या. आणि मग स्वतःच हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून. आतून सून आली, ती घाबरली, घरात सुतक आणि सासूबाई हसतायत. काकूंनी तिला फोटो दाखवला. "पेपरात तो आंबट चेहऱ्याचा दिलात. हा आधी मिळाला असता तर हाच दिला असता."

"चूक माझी आहे," आई म्हणाली. "बावीस वर्षं ठेवून घेतला."

"राहू दे," काकू म्हणाल्या. "तेव्हा दिला असतात तर ह्यांनी लपवून ठेवला असता."

खाली आल्यावर आई स्कूटरपाशी थांबली. पर्समधून पेन काढलं, वहीचं ते पान उघडलं, आणि "खालचे काका" या ओळीपुढे बारीक अक्षरात लिहिलं: काकू म्हणाल्या, मला न सांगता हसले. लोक काय म्हणाले ते त्याला हवं होतं.

मार्केट यार्डात जायला आम्ही सकाळ धरली. ट्रकांतून माल उतरत होता, कांद्याची पोती, कोथिंबिरीचे ढीग, आणि आंब्यांच्या पेट्यांचा तो गोड, जडसर वास. दादाला ही जागा फार आवडायची. आईबरोबर कैऱ्या आणायला तो जायचा, आणि येताना कैऱ्या कमी आणि गोष्टी जास्त घेऊन यायचा. फोटोत एक हमाल आहे, पाठीवर पोतं, मान वाकलेली, आणि पोत्याखालून वर बघत तो खदाखदा हसतोय. मिशी म्हणजे गालापलीकडे गेलेली. मी दोन-चार जणांना फोटो दाखवला. तिसऱ्यानं लगेच ओळखला.

"हे तर आमचं आबा हायेत. काम सोडलंय त्यांनी, पर सकाळचा च्या हितंच घ्यायला येत्यात."

आबा चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसले होते. मिशी पांढरी झालेली, पण रुबाब तोच. आईनं फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"ह्यो मी हाय," ते म्हणाले. "कॅमेरेवालं पोरगं. मला म्हणलं, मामा, पोत्याचं वजन करताना मिशी काढून ठेवता का त्यातच धरता?" ते परत तसेच हसले, फोटोतल्यासारखे. "फोटू आनून देतो म्हणला व्हता. म्या म्हणलं, समदेच म्हणत्यात. कुठं हाय त्यो आता?"

हा प्रश्न येणार हे आम्हाला माहीत होतं. मी आईकडे बघितलं.

"तो गेला," आई म्हणाली. "त्याच वर्षी. फौजेत होता."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आजूबाजूला हमालांच्या हाका, ट्रकचे हॉर्न, वजनकाट्यांचा खडखडाट चालूच होता. ते म्हणाले, "म्हंजी म्या खोटं बोललो माय. त्यानं आनून दिला की."

"दिला," आई म्हणाली. "उशीर झाला जरा."

त्यांनी आम्हाला चहा पाजला. मग स्वतः उठून आमच्याबरोबर कैऱ्या निवडायला आले. आईनं उचललेली प्रत्येक कैरी ते हातातून काढून घेत आणि दुसरी देत. आयुष्यात पहिल्यांदा आईनं कैरीच्या बाबतीत दुसऱ्या कुणाचं ऐकून घेतलं.

मग आमचा तो छंदच झाला. संध्याकाळी ऊन उतरलं की आई साडी बदलून दारात उभी. दवाखान्यातल्या बाई सापडल्या, त्या आता नर्सिंग शिकवतात, त्यांनी विद्यार्थिनींना बोलावून फोटो दाखवला आणि म्हणाल्या, "बघा, मी पण कधीकाळी तुमच्याएवढी होते, आणि इंजेक्शन घेऊन ओरडलेला जवान म्हणजे हा फोटो काढणारा एकच." आमच्या वसाहतीतली, फोटोत फ्रॉक घालून दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी आता दोन मुलांची आई आहे, ती फोटो बघून आधी रडली, मग तिनं नवऱ्याला सांगितलं, "बघ, मी किती उंच उडायचे." काही माणसं सापडली नाहीत. काही सबनीसकाकांसारखी निघून गेली होती. त्यांच्या घरच्यांनी फोटो घेतले. वहीचं पान भरलं, आईनं दुसरं पान जोडलं.

या सगळ्या फिरण्यात मला एक गोष्ट उशिरा कळली. आमच्याकडे दादाचा हसरा फोटो नाही म्हणून मी इतकी वर्षं हळहळत होते. पण त्या एकोणतीसांतले बहुतेक जण फोटोत त्याच्याकडेच बघत होते. तो काहीतरी बोललाय आणि तोंड वाकडं करून उभा आहे, ते त्यांना दिसतंय. भेटलेल्या प्रत्येकाला आठवत होतं तो काय म्हणाला ते. घरी आल्यावर आई आणि मी त्याच गोष्टी परत परत एकमेकींना सांगायचो. बावीस वर्षांनी आम्हाला दादाबद्दल नवीन काही कळत होतं. गेलेल्या माणसाबद्दल नवीन काही कळू शकतं, याचीच मला कल्पना नव्हती.

शेवटी शब्बीरचाचांकडे गेलो. यादीतले शिंपीचाचा. जुन्या वसाहतीच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान अजून आहे, त्यांच्या वडिलांपासूनचं. दादाचं त्यांना माहीत होतं. त्या वेळी ते घरी येऊन बाबांपाशी तासभर काही न बोलता बसले होते.

"या भाभी, बसा," ते म्हणाले. "आपण कोथरूडला गेलात आणि रेडिमेडच्या झालात."

फोटोत ते गळ्यात टेप, कपाळावर चष्मा चढवलेला, आणि काउंटरवर चष्मा शोधतायत, असे होते. नेमका सापडल्याचा क्षण. त्यांनी फोटो बघितला आणि आपोआप कपाळाकडे हात नेला. "मला म्हणाला, चाचा, तुम्ही काय शोधताय ते मी सांगतो, पण मग हसायचं नाही." त्यांनी फोटो काउंटरवर ठेवला. "तो तेव्हा शर्टाचं माप द्यायला आला होता. बुद्धपौर्णिमेला पांढरा शर्ट पाहिजे म्हणून."

तो शर्ट मला लख्ख आठवला. विहारात खिरीच्या पातेल्यापाशी दादा बाह्या दुमडून उभा होता, मोठा झारा दोन्ही हातांनी फिरवत, आणि बायका त्याला सांगत होत्या, खाली लागू देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी तोच शर्ट घालून तो गाडीत बसला. ट्रंकेत तो नव्हता.

चाचा उठून आत गेले. मापांच्या जुन्या वह्या ते टाकत नाहीत. "कपडा फाटतो, माप राहतं," ते म्हणाले, आणि धूळ झटकत एक वही काउंटरवर उघडली. पान सापडायला वेळ लागला. कांबळे, मिलिंद. लांबी एकोणतीस. छाती अडतीस. खांदा साडेसतरा. बाही चोवीस. कॉलर पंधरा. आणि बाजूला एक शेरा: ढिला नको.

"बाकीची पानं बघा," चाचा म्हणाले. "दर दिवाळीला खोडाखोड. पोट वाढलं, माप बदललं, परत पोट वाढलं. हे एकच पान स्वच्छ आहे."

आई आकड्यांवर बोट ठेवून बसली होती. मग तिनं हात पुढे केला. "टेप द्या बघू." चाचांनी गळ्यातला टेप काढून दिला. तिनं तो काउंटरवर पसरला, साडेसतरावर बोट धरलं आणि दोन टोकांमधल्या जागेकडे बघत राहिली.

"एवढेच होते खांदे?"

"एवढेच."

"मला जास्त वाटायचे," ती म्हणाली. मग टेपची नीट गुंडाळी केली आणि चाचांच्या हातात दिली. "एक शिवा. पांढरा."

कुणासाठी, हे चाचांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. वाटेत स्कूटरवर मी विचार करत होते की आई तो ट्रंकेत ठेवील, स्वेटराशेजारी, आणि मग कधीतरी आपल्याला तो उघडून बघावा लागेल, आणि मला ते झेपेल का.

आठ दिवसांनी शर्ट आला. आईनं तो ट्रंकेत ठेवला नाही. हॅन्गरला लावून खोलीच्या दाराला टांगला. येता-जाता आम्ही सगळे त्याला वळसा घालून जात होतो. चार दिवस तो तसाच होता. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी आम्ही विहारात जायला तयार होत होतो. मी पांढरी साडी नेसत होते, आई खिरीसाठी वेलची कुटत होती, आणि मित्रा कपाटात डोकं घालून ओरडत होती की तिच्याकडे व्हाइट काहीच नाहीये. मग आवाज बंद झाला. मी बघितलं तर ती दाराशी उभी राहून शर्टाची बाही हातात धरून बघत होती.

"आजी, हा कुणाचा आहे?"

"मिलूच्या मापाचा," आई आतून म्हणाली.

मित्रानं दादाला पाहिलेलं नाही. तिच्यासाठी तो भिंतीवरचा वटारलेल्या डोळ्यांचा मामा. पण या उन्हाळ्यात तिनंही सगळ्या गोष्टी ऐकल्या होत्या. मिशीची, पावसाची, चष्म्याची.

"मी घालू? ओव्हरसाइज्ड आहे, एकदम परफेक्ट बसेल."

निऱ्या धरलेला माझा हात थांबला. कुटण्याचा आवाजही थांबला होता. आई हात पुसत बाहेर आली. तिनं मित्राकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं.

"घाल," ती म्हणाली. "बाह्या दुमडून घे. मोठ्या होतील."

मोठ्या झाल्याच. खांदेही उतरले. मित्रा तशीच विहारात गेली, तशीच खीर वाटायला उभी राहिली, आणि एका लहान मुलाला वाटी देताना सगळी खीर तिनं छातीवर सांडून घेतली. घरी आल्या आल्या आईनं शर्ट उतरवायला लावला. न्हाणीघरात बादलीपाशी बसून ती तो डाग चोळत होती आणि बडबडत होती. नवा कपडा, पहिलाच दिवस, जरा म्हणून सांभाळणं नाही. इतक्या वर्षांत आईला असं, मोठ्या आवाजात, मनापासून कुणावर तरी करवादताना मी ऐकलं नव्हतं.

मित्रा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "आजी, डाग राहिला तरी चालेल. उद्या मी कॉलेजच्या फंक्शनला हाच घालणार आहे."

"डागाचा शर्ट घालून कॉलेजात?" आईनं शर्ट पिळला, झटकला आणि उजेडात धरून बघितला. "काही नको. चाचांना सांगून आणखी दोन शिवून आणू. माप आहे आपल्याकडे."